चेहरेपट्टीचा रकाना

पोलीस खात्यात उभी हयात काढलेल्या माणसाकडून लोकांना दरोडे, पाठलाग आणि झटापटी ऐकायच्या असतात. संपादकांनाही तेच हवं होतं. मी त्यांना फोनवरच सांगून टाकलं, की मी आयुष्यात एकही चोर धावून पकडलेला नाही. मी ठाण्याचा रायटर होतो. साहेब तपास करायचे, शिपाई धावायचे आणि मी बसून लिहायचो. त्यातही हरवलेल्या माणसांची आणि बेवारस प्रेतांची वर्णनं लिहिणं हा माझ्या वाट्याला आलेला खास प्रांत. फराळाचं ताट पुढ्यात घेऊन वाचावं असं यात काही नाही. ज्यांना नको वाटेल त्यांनी पानं उलटावीत, पुढे कुठेतरी चकलीची कृती असेलच.

नांदेड जिल्ह्याच्या कडेला आमचं ठाणं होतं. नाव सांगत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते माझं आहे, ठाण्याचं नव्हे.

काम कसं चालायचं ते आधी सांगतो. माणूस हरवला की घरचे ठाण्यात येत. छापील नमुन्यात रकाने असत: वय, उंची, बांधा, रंग, चेहरा, नाक, केस, अंगावरचे कपडे, ओळखीची खूण. दुसरीकडे कुठे बेवारस प्रेत सापडलं की तिथला रायटर तेच रकाने भरायचा. मग अशा वर्णनांच्या याद्या या ठाण्यातून त्या ठाण्यात फिरत. कुठेतरी दोन कागद एकमेकांशी जुळायचे आणि माणूस सापडायचा, जिवंत किंवा मेलेला. खेड्यातल्या माणसाचा फोटो नसायचाच. म्हणजे हरवलेला माणूस आणि त्याचं घर यांच्यामध्ये फक्त रायटरचे शब्द असत.

आणि आम्ही रायटर लोक काय लिहायचो? 'रंग सावळा, बांधा सडपातळ, चेहरा गोल, नाक सरळ, केस काळे.' नांदेडपासून निलंग्यापर्यंत कुठल्याही ठाण्यातली यादी काढा, सगळे सावळे, सडपातळ आणि गोल तोंडाचे. हात आपोआप चालायचा. पुढ्यात रडणारी बाई असली की मग तर जास्तच भरभर चालायचा.

मी खात्यात चिकटलो तेव्हा बहात्तरचा दुष्काळ चालू होता. माणसं खडी फोडायला जात आणि तिकडूनच कुठे कुठे पांगत. कोण हैदराबादेला, कोण मुंबईला, कोण कुणालाच माहीत नाही कुठे. आमच्या बाकड्यावर रोज दोन-तीन घरची माणसं येऊन बसत. मला कामाला लावलं होतं इब्राहीमसाब जमादारांच्या हाताखाली. हे निजामाच्या राज्यात भरती झालेले, उर्दूत शिकलेले, मराठी वाचायला चष्मा आणि लिहायला माझी मान लागायची. वर्णनाला ते 'हुलिया' म्हणत. पहिल्या आठवड्यात मी भरलेले नमुने त्यांनी मला वाचायला लावले. पाचव्या नमुन्याला त्यांनी हात वर केला.

"सबका मुंह गोल? अल्ला मियाँ के पास एकच तवा है क्या रे?"

मी म्हणालो, "साब, लोकच नीट सांगत नाहीत."

"लोगां कायको बोलेंगे? पूछना तेरा काम है."

त्यांनी टेबलाच्या खणातून तपकिरीचा जुना डबा काढला. त्यात एक रिठा होता, एक बदाम, एक खारीक, एक रिकामी काडेपेटी आणि गोदावरीच्या पात्रातला एक गुळगुळीत गोटा. जमादारसाब या वस्तू माणसांपुढे मांडून ठेवत आणि विचारत, यातल्या कशासारखं तोंड? गोल असेल तर रिठा, हनुवटीला टोक असेल तर बदाम, लांबोडं असेल तर खारीक, जबडा रुंद असेल तर काडेपेटी. गोटा अंड्याच्या आकाराचा होता. तो माझ्या हातात देऊन ते म्हणाले, "इसको बैजवी बोलते. बैजा बोले तो अंडा. आधी दुनिया का मुंह बैजवी है, और तेरे कागज पे सब गोल."

हसू नका, पण त्या डब्यामुळे माणसं बोलायला लागायची. नाहीतर त्यांची तऱ्हा वेगळीच. लोह्याकडची एक म्हातारी मुलगा हरवला म्हणून आली होती.

मी विचारलं, "तोंड कसं हाय, मावशी?"

"बापासारखं."

"बाप कुठाय?"

"त्यो तर कव्हाच मेला की." आणि माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मीच त्याला मारलाय.

दुसरा एक गडी निलंग्याकडून एसटीने आला होता. बायको आणि बैल एकाच बाजारात हरवले होते. बैलाचं वर्णन त्याने न विचारता सांगितलं: शिंगं मागं वळलेली, कपाळावर चांद, डाव्या पुठ्ठ्यावर भोवरा, चालताना उजवा पाय ओढी. बायकोचं विचारलं तर "बाईसारखीच हाय की साहेब," म्हणाला. मी डबा पुढे सरकवला. त्याने सगळ्या वस्तू उचलून पाहिल्या आणि शेवटी बदामावर बोट ठेवलं. मग त्याचे डोळे भरून आले. लग्नाला सोळा वर्षं झाली होती आणि तिची हनुवटी त्याला त्या दिवशी दिसली.

इब्राहीमसाब निवृत्त झाले तेव्हा डबा मला देऊन गेले. पुढे मीही जमादार झालो आणि कित्येक वर्षं तो इमानाने वापरला.

'ओव्हल' हा शब्द मला नंतर भेटला. आमच्या सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टर आले होते, पुण्याकडचे. शवचिकित्सेचा अहवाल इंग्रजीत लिहायचे आणि फार टापटिपीने लिहायचे. त्यात चेहऱ्यापुढे अनेकदा 'ओव्हल' असायचं. एकदा चहा पिताना मी विचारलं, की हे नेमकं काय? ते म्हणाले, लॅटिन भाषेत अंड्याला 'ओव्हम' म्हणतात, त्यावरून आलेला शब्द. गोल म्हटलं की भूमितीतला गोल, मध्यापासून सगळीकडे सारखं अंतर. पण निसर्गात तसं मोजून मापून काही नसतं, म्हणून अदमासाने सांगायला माणसांनी असे शब्द केले. तंतोतंत अंडं नव्हे, साधारण अंड्यासारखं.

मला मोठी गंमत वाटली. मी त्यांना बैजवी सांगितला. अरबांनी अंडं पाहिलं, रोमच्या लोकांनी अंडं पाहिलं, आणि आपणही अंडाकृतीच म्हणतो. एकमेकांना न भेटता सगळ्यांनी माणसाच्या तोंडाकडे पाहून कोंबडीच आठवली! डॉक्टर हसले आणि म्हणाले, "जमादार, तुम्ही प्राध्यापक व्हायला हवं होतं." मी तेवढ्यावर फुगलो. त्यानंतर चहाच्या हॉटेलात, शाळामास्तरांपुढे, लग्नाच्या पंगतीत, जिथे जागा मिळेल तिथे ओव्हलची व्युत्पत्ती सांगत सुटलो. आणि त्याच सुमाराला डबा खणात मागे मागे सरकत गेला. आपल्याला आता सगळं येतं असं वाटायला लागलं की माणूस बघायचं सोडतो.

आता त्या उन्हाळ्याचं सांगतो.

पलीकडे लातूर जिल्हा नवा झाला होता. रस्त्यावर हद्दीच्या नव्या पाट्या लागल्या होत्या आणि पाट्यांच्या दोन्ही बाजूंनी जमीन सारखीच भेगाळलेली होती. पाऊस दोन वर्षं हुकला होता. आमच्या हद्दीतल्या गावांना टँकरने पाणी जायचं, आणि टँकर आला की भांडणं व्हायची. अर्धं ठाणं त्याच बंदोबस्तात.

मे महिन्यात एका दुपारी रस्त्याकडेच्या बाभळीखाली एक माणूस मरून पडल्याची वर्दी आली. ऊन लागून गेला होता. वय पन्नाशीच्या आसपास, अंगावर धोतर आणि सदरा, खिशात अडकित्ता. बाकी खिसे रिकामे, गळा मोकळा. आमच्या आधी कोणीतरी येऊन हात मारून गेलं होतं, हे दिसत होतं. पंचनामा मी उन्हात उभ्याने लिहिला. वास सुटला होता. नाकाला रुमाल लावून, तोंडाकडे एकदा ओझरतं बघून मी हात चालू दिला: रंग सावळा, बांधा सडपातळ, चेहरा गोल.

डॉक्टरांनी शवचिकित्सा केली. त्या काळी तिथे बर्फाचीसुद्धा सोय नव्हती, प्रेत ठेवणार कुठे? संध्याकाळच्या आत पुरायचं ठरलं. खड्डे खणायला पोशट्टी नावाचा तेलुगू माणूस होता, कमी बोलणारा. मी त्याच्याबरोबर माळावर गेलो. पहिली पहार मारली तेवढ्यात शिपाई सायकल दामटत आला, की टँकरवर डोकी फुटली, साहेबांनी बोलावलंय. मी पोशट्टीला म्हणालो, "तू आटप. मी जातो." ठाण्यात परत आल्यावर कागद लिहिला: 'माझ्या समक्ष सहा फूट लांब, अडीच फूट रुंद व चार फूट खोल खड्ड्यात प्रेताचा दफनविधी केला.' हेही नेहमीचं वाक्य. वर्षानुवर्षं तेच लिहीत आलो होतो. खाली सही केली.

वर्णन यादीवर चढलं. पूर्वी पलीकडच्या मुलखाची यादी उस्मानाबादवरून फिरून जायची, महिना लागायचा. नवा जिल्हा झाल्यापासून लातूर जवळ आलं होतं. ती यादी आठ-दहा दिवसांत पोचली.

चार महिन्यांनी, पोळ्याच्या आसपास, एक बाई तिच्या भावाला घेऊन ठाण्यात आली. जळकोटाकडची. जळकोट तेव्हा तालुका झालेलं नव्हतं. बाईचं नाव संगाबाई. कपाळावर भस्माची पट्टी आणि तिच्याखाली ठसठशीत कुंकू, गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी. वीरशैव वाण्यांच्या घरातली, हे लगेच कळलं. नवऱ्याचं, मन्मथअप्पांचं, किराण्याचं दुकान होतं. दुष्काळात गाव निम्मं रिकामं झालं, गिऱ्हाईक राहिलं नाही. लोह्याच्या बाजारात दुकानाला जागा मिळती का बघून येतो म्हणून मे महिन्यात घर सोडलं, ते परत आलेच नाहीत. आता बाजारात कोणीतरी भावाला सांगितलं होतं, की उन्हाळ्यात या रस्त्यावर एक माणूस मेला होता.

मी कपाटातून कपड्यांचं गाठोडं काढलं. सदऱ्याच्या काखेत ठिगळ होतं. संगाबाईने त्यावर बोट फिरवलं, टाके मोजल्यासारखं. मग अडकित्ता उचलला आणि पदराखाली धरला. रडली नाही.

"तुमची यादी आमच्या ठाण्यात आल्ती," ती म्हणाली. "मला बोलावून वाचून दाखवली. अडकित्ता आयकून मी उठून हुबी ऱ्हायले. पर अडकित्ता काय, कुणाच्या बी खिशात ऱ्हातोय. मग त्येनी वाचलं, तोंड गोल. मी म्हन्लं, न्हाई, हे आमचे मालक न्हाईत. घरी जाऊन देवाफुडं दिवा लावला."

"कसं व्हतं तोंड त्येंचं? तुमी तर बघितलं आसंल."

मला काय झालं कोण जाणे, मी खण उघडून तो डबा काढला. बारा-तेरा वर्षांपूर्वीसारख्या वस्तू टेबलावर मांडल्या. तिने एकदा सगळ्यांवरून नजर फिरवली आणि गोटा उचलला. डाव्या तळहातावर ठेवला आणि उजव्या हाताची बोटं त्यावर धरली. तिच्या लोकांत इष्टलिंग असंच हातावर घेऊन पूजतात. तिच्या ते ध्यानातही नव्हतं.

"आसं," ती म्हणाली. "लांबट. खाली निमुळतं."

मी फाईल उघडली. माझ्या पंचनाम्यामागे, त्याच दोऱ्यात ओवलेला, डॉक्टरांचा अहवाल होता. त्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: ओव्हल. अंडं कुठून आलं ते मी गावभर सांगत हिंडलो होतो. माझ्याच फाईलमधलं ते चार महिने वाचलं नव्हतं.

"माझी चूक झाली अक्का," मी म्हणालो.

"तुमच्या एका शब्दानं मी चार म्हैने कुंकू लावून ऱ्हायले," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "लोकं माघारी बोलून ऱ्हायली व्हती, मी आयकलं न्हाई. सणाला नवी बांगडी भरली."

तिचा भाऊ खाकरला. "अक्का, ते विचार."

मग तिने ते विचारलं. त्यासाठीच ती खरं तर आली होती. नवरा गेलाय हे तिला आतून कधीच कळलं असावं.

"त्येनला बसवलं, का आडवं निजवलं?"

वाचकांपैकी ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. त्यांच्यात माणसाला जाळत नाहीत. चौकोनी खड्डा करतात, मांडी घालून बसवतात, हातात लिंग देतात, जंगम म्हणजे त्यांचे पुरोहित मंत्र म्हणतात. आयुष्यभर पूजेला बसला तसाच तो मातीत बसतो. मन्मथअप्पांचं लिंग चांदीच्या डबीसकट चोरीला गेलं होतं, जंगम नव्हता, मंत्र नव्हता. बसवणं, तेवढी एकच गोष्ट उरली होती.

मी बोलेपर्यंत भावाने फाईल आपल्याकडे वळवली होती. शिकलेला होता. त्याने मोठ्याने वाचलं, "सहा फूट लांब, अडीच फूट रुंद." आणि थांबला. संगाबाई एकदम खुर्चीवरून उतरून खाली फरशीवर बसली.

"कोनाचं बी मडं असल्यावानी," ती म्हणाली.

मी पोशट्टीला बोलावणं पाठवलं. तो दारात येऊन उभा राहिला. मी विचारलं, "उन्हाळ्यात बाभळीखाली सापडलेला माणूस. त्याला कसा ठेवलास?" त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग फाईलकडे.

"रागावनार न्हाई ना, साब?"

"नाही. खरं सांग."

"मुरूम लागला. पहार मारली की ठिनगी उडायची, साब. पानी न्हाई जमिनीत, दगडच झालती. लांब खड्डा झालाच न्हाई. ह्या भिंतीपासून त्या टेबलापर्यंत, एवढाच झाला. खोल केला मग, जेवढा झाला तेवढा. त्येला आडवा कसा घालू? पाय मोडून बसवला. टेकवला मागं. वर दगडं लावली, कुत्री यायची म्हनून." त्याने खाली बघितलं. "तुमाला सांगितलं न्हाई. निसता बसवला म्हनून तुमी बोलसाल."

मला वाटलं होतं, संगाबाईचा चेहरा उजळेल. ती फरशीवरून उठलीसुद्धा नाही.

"आता मला बरं वाटावं म्हनून सांगाय लावता का? कागदात तर लांब हाय."

"कागद खोटा आहे, अक्का."

"तव्हा तुमी व्हता का तिथं?"

"नव्हतो."

"मग 'समक्ष' कामून लिव्हलं?"

ज्या हाताने चेहरा गोल लिहिला त्याच हाताने समक्षही लिहिलं होतं. चेहऱ्याच्या वेळी तिने कागदावर विश्वास ठेवला होता. आता कागद खोटा आहे यावर ती कसा ठेवणार? पोशट्टी खरं बोलत होता की बाईला बघून त्याला दया आली होती, हे मलाही सांगता येत नव्हतं. आजही येत नाही. उकरून बघायला वरिष्ठांचा हुकूम लागतो, आणि त्याचं नाव काढल्याबरोबर तिने दोन्ही हात जोडले. "एकदा बसले आसतील तर उठवू नका," म्हणाली.

"मला जागा दावा."

माळ ठाण्यापासून कोसभर असेल. आम्ही चौघं चालत गेलो. पोळ्याचे दिवस असून माळावर गवताची काडी नव्हती. पोशट्टीने बोट केलं. दगडांचा एक बुटका ढीग होता, चार महिन्यांत थोडा ढासळलेला. शेजारी दोन जुने होते, ते लांब होते. हा नव्हता. गोल म्हणावा तर गोल नाही, चौकोनी म्हणावा तर कोपरे झिजलेले. त्या आकाराला नेमका शब्द मला कुठल्याच भाषेत आठवला नाही.

संगाबाई गुडघ्यावर बसली. पदर खोचला आणि कोपरापासून बोटांपर्यंत हात टाकून ढीग मोजायला लागली. एका बाजूने अडीच हात. दुसऱ्या बाजूने अडीच हात आणि वर चार बोटं. पुन्हा पहिल्या बाजूने मोजलं. भाऊ म्हणाला, "झालं अक्का," तरी तिने चारही बाजू मोजल्या. मग पदराची गाठ सोडून भस्माची चिमूट काढली, दगडांवर सोडली आणि तिथेच मनगटाने कपाळाचं कुंकू पुसलं. भस्माची पट्टी तेवढी राहिली.

उठताना पोशट्टीला म्हणाली, "टेकवलं म्हन्लास. कुठल्या अंगाला तोंड केलं व्हतंस?"

पोशट्टीने ढिगाकडे पाहिलं, मग तिच्या पुसलेल्या कपाळाकडे. "उगवतीला," म्हणाला.

तिने मान हलवली. परत येताना वाटेत ती माझ्याशी एकदाच बोलली. "जमादारसाब, कागद तेवढा दुरुस्त करा. तोंड लांबट लिव्हा. आन् खड्डा चौकोनी. बसवलेला, आसं लिव्हा."

मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी साहेबांकडे गेलो. ते भले गृहस्थ होते. म्हणाले, ओळख पटली एवढी नोंद कर, प्रकरण संपलं. बाकीचं बदलायचं तर समक्ष का लिहिलंस यापासून सुरुवात होईल, तुझी मुलं लहान आहेत. मी ओळख पटल्याची नोंद केली आणि फाईल बांधली. भिऊन बांधली, दुसरं कारण नाही.

त्यानंतर वीस वर्षं मी रायटर होतो. डबा टेबलावरच असायचा, आणि प्रत्येक मेलेल्या माणसाच्या तोंडाकडे मी रुमाल काढून बघितलं. बरोबरचे मला येडा म्हणत. पण त्या फाईलला हात लावायची हिंमत झाली नाही, आणि निवृत्तीनंतर ती कुठे आहे हे विचारायलाही गेलो नाही. असेल कुठेतरी. तिच्यात मन्मथअप्पा अजून गोल तोंडाचे आहेत आणि सहा फूट लांब खड्ड्यात आडवे निजलेले आहेत.

संगाबाई आता असतील की नाही, माहीत नाही. त्यांना हो म्हणालो होतो म्हणून इथे लिहितो. चेहरा लांबट, खाली निमुळता. खड्डा चौकोनी, अडीच हात बाय अडीच हात. बसवलेले, तोंड उगवतीला. यातलं काहीही माझ्या समक्ष नाही.